पुढे गार्ड लावल्यापासून पार्किंग सेन्सर उगाच ओरडतायत? नवीन भोकं पाडायच्या आधी एवढं बघून घ्या

प्रॉब्लेम असा की समोर चिटपाखरू नाही, मोकळं मैदान आहे, तरी ब्रेक दाबला की पुढच्या सेन्सरची पीऽऽऽ अशी सलग शिट्टी आणि डिस्प्लेवर लाल पट्टी. बंद करून चालू केलं की पाच मिनिटं गप्प, परत सुरू. माझ्याकडे हे प्रकरण जवळजवळ दीड वर्ष चाललं, तीन वेळा "झालं साहेब, आता काय येत नाय" असं ऐकून गाडी घरी आणली आणि तीनही वेळा सोसायटीच्या गेटातच बोंब. शेवटी स्वतः टेप, गुण्या आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलो तेव्हा कुठे उलगडा झाला.

आधी गाडीची कुंडली सांगतो. २०१८ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, सेकंडहँड घेतलेली, नाशिकला असतो. आधीच्या मालकाने पुढे तो लोखंडी बुल गार्ड ठोकला होता, तो मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून असले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बेकायदेशीर म्हणून सांगितलंय, पण दंडाचं सोडा हो, धडक बसली की बंपर आणि आतला बीम चुरगळून जो मार घेतो तो त्या गार्डमुळे सरळ चॅसीला जातो आणि एअरबॅगचं टायमिंग पण बिघडू शकतं. त्यामुळे ज्यांच्याकडे तसला लोखंडी सांगाडा आहे आणि त्याच्यामुळे सेन्सर ओरडतोय त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही, सांगाडा काढा, विषय संपला.

मी बोलतोय ते ॲक्सेसरीवाल्यांकडे मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गार्डबद्दल. बंपरच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटतो, काळा आणि मध्ये चंदेरी पट्टा, डबल टेप आणि चार-सहा स्क्रू. लोखंडी गार्डच्या क्लॅम्पने बंपरला ओरखडे पडले होते ते झाकायला म्हणून घेतला. त्याच्या आधी आठ सेन्सरचा किट बसवून झाला होता, चार मागे चार पुढे, कारण आमच्या पार्किंगमध्ये खांब अशा ठिकाणी आहे की बायको म्हणाली एक तर सेन्सर लाव नाही तर रोज तूच लाव गाडी. (मागचे सेन्सर १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना कंपनीतूनच येतात, माझी त्याआधीची म्हणून तेही बाहेरून.) गार्ड लागेपर्यंत सहा महिने सगळं झकास चाललं होतं, गार्ड लागला त्या संध्याकाळपासून हा वैताग.

आता सेन्सर करतो काय ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय नुसती भोकं पाडत बसाल, जशी मी पाडली. बाजारातले किट साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतात, आपल्याला ऐकू येत नाही, तो जाऊन आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो म्हणजे १ मीटरवरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी साधारण ६ मिलिसेकंदात परत. आणि तो आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरत जातो, माझ्या किटच्या कागदावर आडवा १२० अंश आणि उभा ६० अंश लिहिलं होतं. म्हणजे सरळ रेषेपासून वर ३०, खाली ३०. या झोतात जे येईल ते सेन्सरला "अडथळा". त्याला काय माहीत की हे आपल्याच गाडीचं अंग आहे. आणि अगदी जवळची, २०-२५ सेंटिमीटरच्या आतली वस्तू तर त्याला नीट मोजताच येत नाही, कारण त्याचा पडदा आवाज सोडल्यावर घंटेसारखा थोडा वेळ थरथरत राहतो आणि त्या थरथरीतच प्रतिध्वनी मिसळतो, मग किटचा कंट्रोल बॉक्स समजतो काहीतरी एकदम नाकाशी आहे, आणि सलग शिट्टी.

माझ्या गाडीत सेन्सर जमिनीपासून ५० सेंमीवर होते. गार्डची वरची कड सेन्सरच्या फक्त २ सेंमी खाली, आणि ती कड बंपरच्या पुढे ६ सेंमी आलेली. आता शाळेतली त्रिकोणमिती: ३० अंशाने झोत खाली उतरतोय तर ६ सेंमी पुढे गेल्यावर तो साडेतीन सेंमी खाली आलेला असणार. कड २ सेंमीवरच आहे. म्हणजे झोत सरळ कडेवर आपटतोय. झालं की! एवढंच होतं. हिशोब लक्षात ठेवायला सोपा, ॲक्सेसरी जितकी पुढे आलीय त्याच्या निदान ०.६ पट ती सेन्सरच्या खाली पाहिजे, आणि झोताची कड काही सुरीने कापल्यासारखी नसते म्हणून मी तर म्हणेन जितकी पुढे तितकीच खाली ठेवा, ६ पुढे तर ६ खाली.

पण हे मला शेवटी कळलं. त्याआधी काय काय झालं ते सांगतो कारण तुमचा वायरमनही हेच करणार आहे.

पहिल्यांदा दुकानदाराने बॉक्सवरच्या बटनातून सेन्सिटिव्हिटी कमी केली. गाडी गप्प. मीही खूश. चार दिवसांनी मेव्हण्याच्या स्कूटरच्या मागच्या चाकाला बंपर टेकला तेव्हा सेन्सर बोलला. म्हणजे अगदी टेकल्यावर! सेन्सिटिव्हिटी कमी करणं म्हणजे घरात चोर शिरतोय म्हणून कुत्र्याच्या कानात बोळे घालण्यातला प्रकार आहे, गार्डही ऐकू येत नाही आणि स्कूटरही. कुणी हा उपाय सुचवला तर नको म्हणा.

दुसऱ्यांदा "साहेब सेन्सर गार्डवरच घेऊ, मग गार्ड आडवा यायचा प्रश्नच नाही". ऐकायला बरोबर वाटतं ना, मलाही वाटलं. गार्डच्या सपाट भागावर चार भोकं, सेन्सर खाली आले, उंची ३६ सेंमी. त्यानंतर कंटिन्यू शिट्टी बंद पण पेव्हर ब्लॉकवर, खडीवर, उताराच्या रॅम्पच्या तोंडाशी डिस्प्लेवर ०.६, ०.७ असं काहीतरी यायचं आणि टुक टुक टुक. डांबरी रस्त्यावर गप्प. यात गंमत अशी की ३६ सेंमी उंचीवरून ३० अंशाने खाली गेलेला झोत बरोबर ६२ सेंमीवर जमिनीला टेकतो. डिस्प्ले खोटं बोलत नव्हता बिचारा, खरंच जमीन दिसत होती त्याला! गुळगुळीत डांबरावरून आवाज पुढे सटकून जातो म्हणून परत येत नाही, पेव्हरच्या फटी आणि खडी मात्र परत पाठवते.

मग तिसऱ्यांदा तिरक्या रिंगा. या मिळतात, सेन्सरचं तोंड ५ किंवा ८-१० अंश वर करतात. ८ अंशाची लावली की झोत ६२ ऐवजी ८९ सेंमीवर जमिनीला लागतो, त्यामुळे फरक नक्की पडला, पेव्हरवर जवळजवळ शांत. पण रॅम्पवर चढताना अजूनही बोंब आणि वर तोंड केल्यामुळे फूटपाथची कड, पार्किंगमधला तो बुटका दगड हे दिसेनासं झालं. शिवाय एक वेगळंच दुखणं निघालं, गार्ड आणि मूळ बंपर यांच्यामध्ये पोकळी आहे, सेन्सरच्या पाठीमागच्या पकडीच्या पात्या एका थराच्या प्लास्टिकला पकडायला बनवलेल्या असतात, इथे त्या नुसत्या गार्डच्या पातळ प्लास्टिकला धरून लटकत होत्या. डिझेल गाडी आयडलला थरथरते, गार्ड त्याच्याबरोबर थरथरतो, एसीचा फॅन लागला की अजून, आणि मग कधी ब नंबरचा सेन्सर तर कधी क नंबरचा अधूनमधून ओरडणार. अशी अधूनमधून येणारी तक्रार मेकॅनिककडे नेली की तिथे कधीच येत नाही हे तर तुम्हाला माहितीच आहे.

तर माझं मत अगदी स्पष्ट झालंय: गार्ड लावला तर सेन्सर वर घ्या, खाली घेऊ नका, आणि गार्डवर तर शक्यतो नकोच.

चौथ्या वेळी मी दुकानात गेलोच नाही, ओळखीच्या एका डेंटर-पेंटर दादाकडे गेलो, रविवार सकाळ, दोघांनी मिळून केलं. आधी तपासणी, आणि ही तपासणी तुम्ही पहिल्याच दिवशी करा, अर्धा तास लागतो, पैसे शून्य. इग्निशन चालू, पुढचे सेन्सर चालू करून प्रत्येकाच्या तोंडावर बोट हलकंच टेकवायचं, बारीक टिकटिक जाणवते, कान जवळ नेला तर ऐकूही येते. टिकटिक नाही म्हणजे सेन्सर नाही तर त्याची वायर मेलेली. मग जो ओरडतोय तो सेन्सर भोकातून बाहेर काढून वायरसकट हातात धरायचा आणि तोंड आभाळाकडे करायचं. गप्प झाला? मग सेन्सर चांगला आहे, जागा वाईट आहे. आभाळाकडे बघूनही ओरडतोय? मग बॉक्सपाशी त्याचा प्लग शेजारच्या चांगल्या सेन्सरच्या प्लगशी बदलून बघा, तक्रार सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर सेन्सर किंवा वायर, तिथल्या तिथेच राहिली तर बॉक्स. माझे चारही आभाळाकडे गप्प बसले. म्हणजे दीड वर्षात मी जे दोन नवीन सेन्सर विकत घेतले ते उगाचच.

नंतर जागा शोधली. ग्रिलच्या खाली आणि गार्डच्या वर बंपरची एक सपाट पट्टी आहे, तिथे ५४ सेंमी उंची मिळत होती आणि गार्डची कड ६ सेंमी खाली. बाहेरचे दोन फॉगलॅम्पच्या वरच्या कोपऱ्यात, आतले दोन नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूला, एकमेकांत ६० सेंमी अंतर ठेवून. ग्रिलच्या जाळीत अजिबात बसवू नका, तिथे रेडिएटरची गरम हवा, फॅनचा आवाज, आणि धरायलाही काही नाही. भोक पाडायच्या आधी सेन्सर नुसता मास्किंग टेपने त्या जागी बाहेरून चिकटवला, मागची वायर ग्रिलमधून घेतली, आणि गाडी पेव्हरवर, रॅम्पवर, गेटच्या स्पीडब्रेकरवर फिरवून आणली. बाहेरून चिकटवला की सेन्सर दोन सेंमी पुढे येतो त्यामुळे हे काही शंभर टक्के खरं चित्र नाही, पण जमीन दिसतेय का एवढं तरी लगेच कळतं. हे एक काम आधीच्या तिघांनी केलं असतं तर माझ्या बंपरची चाळण झाली नसती.

ड्रिलिंगचं फार सांगत नाही, युट्यूबवर ढीगभर आहे. फक्त हे की किटबरोबर जो गोल कटर येतो तोच वापरा, माझा २२ मिमीचा होता, दुकानातला "हा पण चालतोय" वाला कटर एक मिमी मोठा निघाला तर सेन्सर कायमचा डुगडुगणार. आधी ३ मिमीचं बारीक भोक, मग कटर, स्पीड कमी. आणि बंपरच्या मागे हात घालून बघा काय आहे, लोखंडी बीम, वॉशरची टाकी, फॉगलॅम्पची वायर, हॉर्न... सेन्सरला मागे दोन-अडीच सेंमी तरी खोली लागते वर वायर वळायला जागा.

आणि बाण! सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो. झोत आडवा १२० आणि उभा ६० आहे हे वर लिहिलंय, मग सेन्सर पाव फिरवून बसला तर उभा १२० होणार आणि गाडीसमोरची सगळी जमीन झोतात. आमचा चौथ्या नंबरचा असाच आडवा बसलेला निघाला. दादा हसले, म्हणाले "अहो, हे पोरगं फोनवर बोलत बोलत बसवत असणार".

वायरी वाढवाव्या लागल्या कारण जागा बदलली. इथे वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळण्याचा कार्यक्रम करू नका, पुढच्या बंपरला पाऊस, चिखल, प्रेशर वॉशिंग सगळं थेट बसतं. जमलं तर त्याच किटची एक्स्टेन्शन वायर घ्या, दोन्हीकडे प्लग असलेली, नाही तर सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब, आणि जोड असा ठेवा की पाणी खाली ओघळेल, जोडाच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या. माझा एक जोड राहिला होता जुना टेपवाला, पावसाळ्यात कसारा घाट चढून आलो की क सेन्सर हमखास ओरडायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप ठीक. तोच जोड.

रंगाचं पण बघा, सेन्सर बंपरच्या रंगात पाहिजे म्हणून काही लोक वर जाड कोट मारतात, त्याचा पडदाच दबतो. पातळ एक हात ठीक, पुट्टी-प्रायमर-दोन कोट-क्लिअर असला थाट नको. आणि रबरी रिंग काढून टाकून सिलिकॉनने चिकटवायचा नाही, ती रिंग थरथर बंपरला जाऊ नये म्हणूनच दिलेली असते.

ज्यांचे पुढचे सेन्सर कंपनीचे आहेत त्यांनी मात्र मी केलं ते जसंच्या तसं करू नका. तिथे सेन्सरची जागा आणि कोन धरून सॉफ्टवेअर सेट केलेलं असतं, कंपनीचा वायरिंग हार्नेस कापला की वॉरंटीवाले हात वर करणार. तुमच्यासाठी सोपं म्हणजे असा गार्ड निवडा जो सेन्सरच्या खाली पुरेसा खाली संपतो, किंवा गार्डची वरची कड त्या चार ठिकाणी कापून घ्या, ब्लेडने आणि पॉलिशपेपरने होतं ते काम, दिसायलाही वाईट नाही दिसत. आणि पुढे रडार असलेली गाडी असेल, आपोआप ब्रेक लावणारी, तर ते रडार बहुतेक ग्रिलमध्ये किंवा बंपरच्या मध्यात खाली असतं, त्याच्यासमोर गार्ड, प्लेट, स्टिकर काहीही नको. तिथे शिट्टी वाजत नाही, तिथे भर हायवेवर ब्रेक लागेल नाही तर लागणारच नाही.

बरं, हे सगळं करून आठ महिने शांतता. मग गेल्या वर्षी ती एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायला गेलो, १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना आपल्याकडे सक्तीची झाली ना, त्यात माझीही. प्लेट बसली, घरी आलो, गेटात पीऽऽऽ. मी अक्षरशः स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. पण यावेळी टेप माझ्याकडे होती. प्लेट ५०० मिमी लांब, माझे आतले सेन्सर ६० सेंमी अंतरावर, म्हणजे प्रत्येक सेन्सर प्लेटच्या कडेपासून ५ सेंमी बाजूला. ड्रायव्हरच्या बाजूला मागची पट्टी वाकल्याने प्लेटचा कोपरा ३ सेंमी पुढे आला होता. आडवा झोत ६० अंशाने बाजूला जातो, ३ सेंमी पुढे जाईपर्यंत तो ५.२ सेंमी बाजूला पसरलेला असतो, दोन मिलिमीटरने मार खाल्ला होता! प्लेट ज्याने बसवतात त्या लॉकला हात लावायचा नाही, तो तुटला की परत फेऱ्या, म्हणून फक्त मागची पट्टी हळूच सरळ केली आणि प्लेटच्या मागे रबराचे दोन तुकडे सरकवले म्हणजे थरथरही नाही. गप्प.

आता उरलेल्या गोष्टी ज्या बिघाड नाहीत पण लोक बिघाड समजतात. थंडीत पहाटे सेन्सरवर दव जमतं, फडक्याने पुसा. द्वारका सर्कलला शेजारच्या ट्रकने एअर ब्रेकची फुसऽ केली की एखादी टुक येते कारण त्या आवाजात आपल्याला न ऐकू येणारा भागही असतो. ट्रॅफिकमध्ये दोन्हीकडून बाइकवाले घुसतात तेव्हा तर ओरडणारच, त्याचं कामच ते, मी डॅशखाली एक स्विच टाकून घेतलाय आणि हायवेला बंद ठेवतो.

आणि एक, सेन्सर आता मूळ बंपरवर आहे आणि गार्ड त्याच्या ६ सेंमी पुढे. म्हणजे डिस्प्लेवर ०.३० दिसतंय तेव्हा गार्ड आणि खांबामध्ये २४ सेंमीच उरलेत. किटमध्ये अंतर पुढे-मागे सरकवायची सोय असली तर करून घ्या, माझ्यात नाही, म्हणून बायकोला सांगून ठेवलंय की चाळीस दिसलं की थांब. ती म्हणाली मी पन्नासलाच थांबते, तुझ्या सेन्सरवर विश्वास नाही माझा.

गार्डवरच्या त्या चार फुकट भोकांत २२ मिमीचे रबरी बूच बसवलेत, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दोन टिकले, दोन प्रेशर वॉशिंगमध्ये उडाले. कुणाला घट्ट बसणारे काळे बूच नाशिकमध्ये कुठे मिळतात माहीत असेल तर सांगा.